थोरलीचं भ्या

मामा इंजिन हॉलमधून बाहेर पडायचे ते उलट्या पावलांनी. तोंड इंजिनाकडे, पाठ दाराकडे आणि एक हात मागे चाचपत. बोटांना चौकट लागली की मगच वळायचे. बाहेर बाकावर बसलेल्या आमच्यापैकी कुणीतरी हळूच म्हणायचं, “सुटले आजच्यापुरते.” मामांना ते ऐकू जायचं. कानातले कापसाचे बोळे काढत ते शांतपणे सांगायचे, “हिला पाठ दाखवायची नाय,” आणि चहाचा ग्लास उचलायचे.

तुमच्याही कामाच्या ठिकाणी असा एखादा असेल, ज्याच्या सवयीला सगळे हसतात आणि नवा माणूस आला की ती सवय बघायला त्याला मुद्दाम नेतात. मलाही तसंच नेलं होतं. मी हसलो नाही. मी स्वतःच तेव्हा दारापाशी जीव मुठीत धरून उभा होतो.

‘ही’ म्हणजे थोरली. शेंद्र्याला आमचा लोखंड ओतायचा कारखाना. भट्टीत लोखंड वितळलेलं असताना वीज गेली आणि यायला उशीर झाला, तर ते तिथंच गोठून बसतं आणि भट्टी कामातून जाते. म्हणून वीज तयार करणारी दोन डिझेल इंजिनं कारखान्याने स्वतःची ठेवलेली. धाकटं नव्या पद्धतीचं, पत्र्याच्या खोक्यात बंद, आवाजाला बेताचं. थोरली मात्र उघडी. एसटीच्या गाडीहून लांब, दोन मजले उंच, अंगाखांद्यावर लोखंडी जिने आणि कठडे. आत नऊ पिस्टन एका ओळीत, एकेक लग्नातल्या भाताच्या पातेल्याएवढा. ती चालू झाली की कारखान्याच्या दुसऱ्या टोकाला कॅन्टीनमधल्या वरणावर लाटा उठायच्या. आम्हाला त्याचं फार कौतुक होतं. पाहुणा आला की आम्ही त्याला आधी ते वरण दाखवायचो.

मामा तिचे फोरमन. गाव करमाड, घरची शेती भावांकडे, आणि हे मिसरूड फुटल्यापासून इंजिनांवर. थोरली आली तेव्हाचा किस्सा ते रंगवून सांगायचे. मुंबई बंदरावरून ती भल्यामोठ्या ट्रेलरवर निघाली. लासूर स्टेशनपासून मामा ट्रेलरच्या पुढे चालत होते, हातात लांब बांबू, आडव्या आलेल्या वायरी उचलायला. शहरात जालना रोडवर गर्दी जमली. समोरून एक वरात आली, तर नवरदेवाच्या घोड्याने ट्रेलर पाहिला आणि पुढे पाऊल टाकायलाच तयार होईना. शेवटी नवरदेवाला खाली उतरून, फेटा सावरत, कडेकडेने पायी जावं लागलं. किस्सा संपला की मामा म्हणायचे, “जनावराला कळलं ते. मानसं फोटो काढत व्हती.”

मी कन्नडचा. डिप्लोमा करून पॅनेल ऑपरेटर म्हणून लागलेलो. इंजिनं मी पुस्तकात पाहिली होती, आणि एक आमच्या विहिरीवर, जे लाथ मारली की चालू व्हायचं. त्यामुळे पहिल्या दिवशी मी बऱ्यापैकी रुबाबात उभा होतो. मामांनी खूण केली, हवेचा दाब सुटला, थोरलीने एक लांब सुस्कारा टाकला आणि सावकाश फिरू लागली. मग तिच्यात डिझेल पेटलं. आवाज मला कानांनी ऐकू आलाच नाही, तो पायांतून वर आला. पोटरीचं मांस हाडापासून सुटतंय असं वाटलं. छातीत माझं स्वतःचं काही उरलं नाही, आत तीच धडधडत होती. वर पाहिलं तर छताचे पत्रे धूसर झालेले, इतके ते थरथरत होते. समोरचा माणूस तोंड उघडून काहीतरी सांगत होता आणि त्यातलं एक अक्षर माझ्यापर्यंत पोचत नव्हतं. मी किती वेळ थांबलो माहीत नाही. भानावर आलो तेव्हा सायकल स्टँडपाशी होतो आणि एका सायकलचं हँडल घट्ट धरून उभा होतो.

मामा मागोमाग आले. मला वाटलं, आता झाडणार. त्यांनी विचारलं, “भ्यालास?” मी मान डोलावली. ते शेजारच्या सायकलला टेकले. “बरं झालं,” म्हणाले. “मी बी भेतो. रोज भेतो. तुह्यात अन माह्यात फरक येवढाच, की मी आतमधी राहून भेतो.” मग मला परत आत नेलं. दंड धरून नेलं, आणि तिच्यासमोर उभं करून माझा दंड सोडला नाही.

तुम्ही म्हणाल, भित्र्या माणसाला फोरमन कसं केलं. आमच्याकडेही हा प्रश्न अधूनमधून निघायचा. एका सुरक्षा सप्ताहात ऑफिसने घोषवाक्यांची स्पर्धा ठेवली. हॉलच्या दारावर ‘भीती सोडा, सुरक्षेशी नाते जोडा’ असा मोठा फलक लावला. मामा त्याच्यापुढे बराच वेळ उभे राहिले आणि मग त्यांनी तो उलटा करून भिंतीकडे तोंड करून ठेवला. ऑफिसातल्या मॅडम जरा दुखावल्या. त्या म्हणाल्या, मग तुम्हीच एक घोषवाक्य द्या. मामांनी चिठ्ठीवर एकच शब्द लिहून दिला: ‘भ्या.’ परीक्षकांना वाटलं, वाक्य अर्धवट राहिलंय. तरी वयाचा मान म्हणून उत्तेजनार्थ बक्षीस दिलं, स्टीलचा डबा. मामा निवृत्त होईपर्यंत त्यातच भाकरी आणणार अशी आम्ही पैज लावली होती.

ते असे का, हे मला त्यांनी एकदाच सांगितलं. थोरलीच्या आधी ते दुसऱ्या एका कारखान्यात होते. तिथल्या इंजिनात एक बेअरिंग तापलं. पोटातल्या तेलाची वाफ झाली, धुक्यासारखी. इंजिनाचं पोट म्हणजे खालचा भाग, जिथे जाडजूड क्रँक फिरतो. त्याला कडेने लोखंडी दारं असतात, माणूस वाकून आत जाईल एवढी. त्या धुक्याला आतल्या आत ठिणगी मिळाली. मामा म्हणाले, “दार उडालं. दाराम्होरं मानूस उभा व्हता.” तो कोण, हे मी विचारलं नाही. ते करमाडहून ज्याच्या सायकलवर डबलसीट यायचे तो, एवढं मला दुसऱ्या कुणाकडून नंतर कळलं.

तेव्हापासून मी दारांच्या समोर उभं राहणं सोडलं. आजही नळ सोडताना मी बाजूला उभा राहतो. बायको हसते.

थोरली बंद असली की तिच्या पोटात उतरून बेअरिंगं तपासावी लागत. आत जाणाऱ्याने बूट बाहेर काढायचे, कारण बुटाला चिकटून गेलेला वाळूचा एक कण तेलात मिसळला तरी बेअरिंगला ओरखडे पडतात. काढलेले बूट त्याच दारासमोर ठेवायचे, टाचा इंजिनाकडे करून. बूट दिसले की आत माणूस आहे हे हॉलमध्ये झाडणाऱ्यालाही माहीत होतं, आणि कुणी बटणाच्या आसपासही जात नसे. ऑफिसने त्यासाठी रीतसर कुलपं आणि लाल पाट्या दिलेल्या होत्या. मामा त्याही लावायचे, पण मनातून त्यांचा भरवसा बुटांवर. “कुलूप कुनाचं बी असतं. बूट माहे असतेत,” असं ते म्हणायचे. थोरलीच्या पोटाशी मामांचे ते टाचा झिजलेले बूट दिसले की माझा आवाज आपोआप खाली यायचा.

आता खंडेनवमीचं सांगतो. आमच्याकडे त्या दिवशी सगळी यंत्रं धुऊनपुसून त्यांची पूजा व्हायची आणि शेवटचा मान थोरलीचा. तिला झेंडूची तोरणं, हळदकुंकू, नारळ, आणि मग साहेबांच्या हाताने ती एकदा चालू करायची, अशी पद्धत. सगळे आपापले बूट-चपला हॉलच्या दारात रांगेने काढून आत यायचे. साहेब, कामगार, ऑफिसातली मंडळी, सगळे अनवाणी.

त्या वर्षी जे झालं त्यातला पहिला भाग मला नंतर कळला. तुम्हाला मी तो आधीच सांगतो. मी एकट्याने तो किती दिवस डोक्यात वागवायचा.

सकाळी मामांनी थोरलीचं पोट आतून पुसून घेतलं होतं. बाहेरून कुंकू आणि आतून काजळी हे त्यांना चालत नसे. कुलूप काढलं, पाटी काढली, दारं बसवली. भिंतीकडच्या बाजूचं एकच दार लावायचं राहिलं होतं. तेवढ्यात त्यांनी पुसायच्या चिंध्या मोजल्या, तर एक कमी भरली. आत राहिलेली चिंधी तेलाच्या वाटेत अडकली तर तेल पोचत नाही, बेअरिंग तापतं, आणि बेअरिंग तापलं की काय होतं ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, असेल इकडेतिकडे. मामांना भीती वाटली. दोन मिनिटांचं काम म्हणून त्यांनी कुलूप परत लावलं नाही, कुणाला हाकही मारली नाही. बूट काढून दारासमोर ठेवले आणि आत सरपटत गेले.

मागोमाग कॅन्टीनच्या ताई झेंडूची टोपली घेऊन तिकडे आल्या. भिंतीकडची बाजू सजवायची राहिली होती. त्यांनी पाहिलं, देवीसारख्या सजवलेल्या यंत्रापुढे, नेमकं पूजेच्या दिवशी, कुणाचे तरी तेलकट बूट. त्यांचा हॉलशी कधी संबंध आलेला नव्हता. त्यांनी ते बूट उचलले, पदराला लागू न देता बाहेर नेले आणि दारातल्या रांगेत नीट जोडीने ठेवून दिले. मग परत येऊन त्यांनी तिथे तोरण बांधलं. आत काळोखात मामा पालथे पडून चिंधी चाचपत होते. शेजारच्या खोलीत हवेच्या टाक्या भरणारा कॉम्प्रेसर धडधडत होता आणि हॉलमध्ये स्पीकरवर आरती लागली होती.

आम्ही सगळे जमलो. मी पॅनेलपाशी. आत येताना मी मामांचे बूट रांगेत पाहिले होते, त्यामुळे ते गर्दीत कुठेतरी असणार असं मी धरून चाललो होतो. नारळ फुटला, टाळ्या झाल्या. साहेबांनी हिरवं बटण दाबलं.

थोरलीला आधी नुसत्या हवेवर फिरवतात. वरचे कॉक, म्हणजे छोट्या तोट्या, उघडे ठेवून एक-दोन फेरे द्यायचे, म्हणजे सिलिंडरमध्ये पाणी-तेल साठलं असेल तर बाहेर पडतं. मग कॉक बंद करून डिझेल द्यायचं. तर हवा सुटली, तिने तिचा तो सुस्कारा टाकला, सावकाश दीड फेरा फिरली आणि थांबली. पूजेला आलेल्या मुलाबाळांनी आनंदाने हात उंचावले. ते उंचावलेले हात मला अजून दिसतात.

कॉक बंद करायला माणूस जिना चढत होता. साहेबांचा हात पुन्हा बटणाकडे निघाला. मी सवयीने जिन्याच्या पायथ्याकडे पाहिलं. थोरली सुरू करताना मामा नेहमी तिथे उभे असायचे, कठड्याला धरून, तिच्यावर नजर रोखून. आज तिथे कुणी नव्हतं. ते नसताना ती सुरू झालेली मी आजवर पाहिली नव्हती. विचार वगैरे मी काहीच केला नाही, घाबरून थांबवायचं लाल बटण दाबून टाकलं.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, मामा दिसत नाहीत. मागे कुणीतरी हसलं. साहेब सज्जन माणूस, ते हसत म्हणाले, आज सणाच्या दिवशी तरी भिऊ नकोस. मी म्हणालो, स्पीकर बंद करा. माझा आवाज इतका चिरका निघाला असावा की एकाने खरंच बंद केला, आणि कॉम्प्रेसरही त्याच वेळी टाकी भरून थांबला. हॉल एकदम गप्प झाला.

आणि थोरलीच्या पोटातून कुणीतरी खोकलं.

कुणीच हललं नाही. मी पॅनेलला धरून उभा होतो. मग सगळे एकदम भिंतीकडे धावले. तोरणाच्या खालून, त्या उघड्या दारातून, आधी एक काळाकुट्ट हात बाहेर आला. मग डोकं. मामा स्वतःच्या स्वतः बाहेर आले. बनियन पाठीवर उभं फाटलेलं, खाली कातडी सोलून लाल झालेली. त्यांना कुठेकुठे हात लावून बघावं हे कुणाला कळेना. त्यांनी मूठ उघडून दाखवली.

“चिंधी सापडली,” ते म्हणाले.

साहेब तिथेच खाली बसले, चांगल्या कपड्यांनिशी, तेलात. जरा वेळाने त्यांना राग आला, आणि तो साहजिकच होता. बूट तिकडे कुणी नेले, असं त्यांनी विचारलं. कॅन्टीनच्या ताई टोपली छातीशी धरून उभ्या होत्या. चेहऱ्यावर थेंबभर रक्त नव्हतं. मामांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं. “मीच काढले व्हते तिथं, साहेब,” ते म्हणाले. “इसरलो.” मामा बूट कुठे काढतात हे कारखान्यात जिला माहीत नव्हतं अशी तिथे एकच व्यक्ती होती, आणि तिलाही ते आत्ताच कळलं होतं. साहेबांनी पुढे विचारलं नाही. मामांनी ताईंना चहा टाकायला सांगितलं, जरा साखर जास्त घालून.

दवाखान्यात जाताना जीपमध्ये मी त्यांच्या शेजारी होतो. माझेच दात वाजत होते. ते म्हणाले, हवेचा सुस्कारा ऐकला आणि मी तळाला पालथा चिकटलो. क्रँक वरून गेला, पाठीला घासून गेला, पुन्हा आला आणि अलीकडे थांबला. हे सगळं त्यांनी बसचं वेळापत्रक सांगावं तसं सांगितलं. मला वाटलं, धक्का बसलाय, म्हणून. रात्री घरी जाऊन रडतील.

ते रजेवर गेले आणि जखम भरल्यावर कामावर आले. आम्ही बाकावर बसलो होतो. हॉलचं दार उघडलं, थोरलीचा आवाज अंगावर आला, आणि मामा बाहेर आले. सरळ. तोंड आमच्याकडे, हात खिशात. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. एकजण म्हणाला, मामा, जिंकलात. मी टाळी वाजवायला हात उचलले होते ते तसेच राहिले.

पुढचे दिवस मी नुसता त्यांच्याकडे बघत होतो. ते कानात बोळे न घालता आत जायचे. चालू इंजिनाच्या दाराला टेकून डबा खायचे. ज्या दारासमोर ते आम्हाला उभं राहू देत नसत, त्या दाराला टेकून. एकदा पॅनेलवर बेअरिंग तापल्याचा इशारा वाजला. मी धावत त्यांच्याकडे गेलो. पूर्वी अशा वेळी ते सगळ्यांना हॉलबाहेर काढायचे आणि इंजिन थांबवल्यावरही बराच वेळ दार उघडू द्यायचे नाहीत. या खेपेला म्हणाले, “राहू दे. बघू.” मी त्यांना न विचारता इंजिन थांबवलं. ते रागावले नाहीत. मला ते रागावायला हवे होते. बेअरिंग खरंच तापत होतं, दुरुस्त करून घेतलं. त्या दिवशी घरी जाताना मला स्कूटर चालवता येईना, शेंद्र्याच्या फाट्यावर थांबून राहिलो.

शेवटी मी धीर करून त्यांना सायकल स्टँडपाशी गाठलं. म्हणालो, मामा, तुम्हाला हल्ली भीती वाटत नाही का? ते एका सायकलला टेकले. मग म्हणाले, “गेलं ते. आत पडलो व्हतो तवा जेवढं व्हतं तेवढं सगळं सांडलं. आता हात घालून बघतो आतमधी, काय बी लागत नाय.” मी म्हणालो, येईल परत. ते म्हणाले, “मी बी वाट बघितली.”

मग त्यांनीच विचारलं, “त्या दिवशी बेअरिंग तापलं. मी बघू म्हनलो. तू थांबीवलंस ना?” मी हो म्हणालो. “म्हंजी मी पोरं मारली असती,” ते म्हणाले. तेव्हा त्यांच्या आवाजात भीती नव्हती, नुसता हिशेब होता.

त्यांनी दुसऱ्याच दिवशी राजीनामा दिला. निवृत्तीला अवकाश होता. साहेबांनी समजावलं, दुसरं काम देऊ केलं, स्टोअरमध्ये बसा म्हणाले. मामांनी ऐकलं नाही. मी तिथे होतो. ते साहेबांना एवढंच म्हणाले, “ज्याला भ्या नाय त्याच्या हाती ही पोरं देऊ नका.” निरोपाचा समारंभ त्यांनी करू दिला नाही. हॉलमध्ये गेले, थोरलीकडे एखाद्या ओळखीच्या घराकडे पाहावं तसं पाहिलं आणि निघाले.

त्यांची जागा मला दिली. मला ती नको होती, हे मी इथे कबूल करतो. पहाटे जाग येते ती पोटात गोळा घेऊन. पॅनेलवर बसलो की हाताला घाम येतो, थोरली सुरू करताना जीभ टाळूला चिकटते. नवी मुलं मला हसतात. हसू देत. एखाद्या दिवशी घाम आला नाही तर काय करायचं, या विचाराने मला अधिकच घाम येतो.

मामा मला त्यानंतर एकदाच भेटले. करमाडजवळ एका मंगल कार्यालयात आमच्यातल्या एकाच्या मुलीचं लग्न होतं. भर दुपारची वेळ. दारातच मामींनी गाठलं. त्यांना मी दोन-तीनदाच पाहिलं होतं, पण त्यांनी मला बाजूला घेतलं आणि घाईघाईने सांगू लागल्या. हे जालना रोड ओलांडताना गाड्यांकडे बघत नाहीत. विहिरीच्या काठावर पाय सोडून बसतात. ओल्या हाताने मोटारीचं बटण दाबतात. मुलाने दोनदा हात ओढून काढला. बोलताना त्या सारख्या मागे वळून बघत होत्या. “तुमचं ऐकतेत ते,” त्या म्हणाल्या. “त्यांना जरा भ्या घाला हो.”

मी हो म्हणालो. काय घालणार होतो कोण जाणे.

कार्यालयामागे, चारी बाजूंनी कनाती लावलेल्या मांडवात पंगत बसली होती. मामांनी मला शेजारी बसवून घेतलं. चेहरा भरलेला, पांढरा सदरा, मजेत. कारखान्याची चौकशी केली, थोरलीची केली, ताईंची केली. मी भात कालवत शब्द जुळवत होतो. तेवढ्यात लाइट गेली, मांडवात अंधारून आलं, आणि आमच्या मागच्या कनातीपलीकडे ठेवलेला जनरेटर एकदम सुरू झाला. साधा लग्नाचा जनरेटर. पण जमीन हलली, ती मला मांडीखाली जाणवली, आणि माझ्या हातातला घास पडला. हात थरथरायला लागला. लोकांदेखत, ताटावर, थांबवता थांबेना.

मामांनी मान वळवून पाहिलंसुद्धा नाही त्या आवाजाकडे. त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं. मग आपला डावा हात पुढे करून माझं मनगट धरलं. मला वाटलं, धीर द्यायला धरलं असेल. पण तसं ते धरणं नव्हतं. बोटं घट्ट, डोळे मिटलेले, मान किंचित कललेली. माझ्या हाताची थरथर ते आपल्या हातात घेऊन बघत होते. मी हात ओढून घ्यायला लागलो, ओशाळून.

“राहू दे,” ते हळू आवाजात म्हणाले. “थोडा येळ राहू दे.”

मी राहू दिला. वाढपी येऊन थांबला आणि पुढे गेला. पलीकडच्या पंगतीतून मामी आमच्याकडे बघत होत्या. जरा वेळाने लाइट आली, जनरेटर बंद झाला आणि माझा हात हळूहळू स्थिर झाला. तो पुरता थांबला तेव्हा मामांनी डोळे उघडले, माझं मनगट सोडलं, आणि उरलेला भात खाऊ लागले.